हॅलरन्स बोअरचं पाणी

नीरजा हॅलरन्स बोअरला गेली ती व्हिसासाठी. हे तिने कुणापासून लपवलं नाही. ती मूळची चिंचवडची, केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ॲडलेडला आली, तिथल्याच मॉसन लेक्स उपनगरातल्या युनिव्हर्सिटीतून टीचिंगची मास्टर्स केली आणि मग दीड वर्ष शहरातल्या शाळांमध्ये रिलीफ टीचर म्हणून फिरत राहिली. सकाळी सहाला फोन यायचा, अमुक शाळेत कुणी आजारी आहे, येऊ शकाल का. कायमची नोकरी काही मिळेना. यतिन, तिचा नवरा, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दर सहा महिन्यांनी वाढायचं आणि वाढेपर्यंत दोघांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. मुलगी रुचा सहा वर्षांची. तिघांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की आडबाजूच्या शाळा शिक्षकांना नॉमिनेट करतात; तिथे दोन वर्षं काढली की पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बरीच मोकळी होते. नीरजाने अर्ज केला आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर तिला नोकरी मिळाली. इतक्या सहज मिळतेय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं यतिन म्हणाला. पण जाऊ नकोस, असं काही तो म्हणाला नाही. तो आणि रुचा मॉसन लेक्सच्या घरीच राहिले, ती एकटी गेली.

ॲडलेडपासून उत्तरेला चौदा तास. त्यातले शेवटचे चार तास तांबड्या मातीचा कच्चा रस्ता. कुणा हॅलरन नावाच्या गोऱ्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी गुरांसाठी इथे बोअर पाडली, म्हणून गावाला हे नाव. गुरं गेली, हॅलरन गेला. त्याच्या आधीपासून तिथे राहणारी माणसं राहिली. साठेक घरं, एक दुकान, एक क्लिनिक, गवत नसलेलं फुटबॉलचं मैदान आणि एक हायस्कूल. हायस्कूल म्हणजे तीन वर्ग आणि मागे पत्र्याची शेड, तीच लॅब. आठवी ते बारावी मिळून तेवीस मुलं. सगळी ॲबोरिजिनल, सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक.

शिक्षक पाच. सगळे बाहेरचे, बहुतेक दोन वर्षांच्या बोलीवर आलेले. मुख्याध्यापक ग्रॅहम पन्नाशीचा, मऊ बोलणारा. मुलांना स्वतःच्या गाडीतून मॅचला न्यायचा. आणि डोरीन. ती तिथलीच, साठीची, सव्वीस वर्षं शाळेत साहाय्यक होती. वर्गात मागे बसायची, मुलांना त्यांच्या भाषेत समजावायची, आणि नव्या शिक्षकाला कुठे गप्प बसायचं हेही न बोलता शिकवायची.

नीरजाचं आणि डोरीनचं जमलं ते नात्यांवरून. कुठल्या तरी मुलीची आई कोण, असं नीरजाने विचारल्यावर डोरीनने तीन बायका दाखवल्या. आईची बहीण म्हणजे आईच, इंग्लिशमध्ये सगळ्यांना आन्टी म्हणायचं म्हणजे अर्धी माहिती पुसून टाकायची, असं तिचं म्हणणं. नीरजा म्हणाली, आमच्याकडेही तसंच, आणि मावशी, आत्या, काकू, मामी असे शब्द तिला सांगितले. डोरीनने ते एकेक करून म्हणून पाहिले. मावशी तिला आवडला. त्यानंतर अकरावीतल्या रोशेलबद्दल नीरजाशी बोलताना डोरीन म्हणायची, ही माझ्या बहिणीची नात, म्हणजे माझीच नात. आणि वर हसून, मावशीआजी.

रोशेल सोळा वर्षांची होती. वर्गात हात वर करायची नाही, विचारलं तर खाली बघून एका वाक्यात उत्तर द्यायची, आणि उत्तर बरोबर असायचं. शाळेतून आजवर कुणी बारावीचं सर्टिफिकेट पुरतं मिळवलं नव्हतं. रोशेल मिळवेल असं सगळेच धरून चालले होते. ती थोरल्या बहिणीकडे, तान्याकडे राहायची. तान्याला नुकतंच बाळ झालं होतं आणि रोशेल शाळेत यायच्या आधी आणि गेल्यावर त्याला कडेवर घेऊन हिंडायची.

नीरजाच्या दुसऱ्या वर्षी ग्रॅहमने सुचवलं की ॲडलेडला राज्याचा विज्ञान मेळावा असतो, आपल्या शाळेतून कधी कुणी गेलेलं नाही, यंदा जाऊ या. नीरजाने अकरावीच्या मुलांना विषय विचारला. मुलं होती सहा. पाच जण एकमेकांकडे बघू लागले. मग रोशेल म्हणाली, "पाणी."

पाण्याचं काय, असं नीरजाने विचारलं. रोशेलने थोडक्यात सांगितलं. क्लिनिकमध्ये दर काही महिन्यांनी नर्स बदलते. एक म्हणते, बाळाला नळाचं पाणी देऊ नका. दुसरी म्हणते, उकळून द्या. दुकानात बाटल्यांचं पाणी कधी असतं, कधी ट्रक आलेला नसतो. का देऊ नका, हे कुणी सांगत नाही.

नीरजा खूश झाली. इतका नेमका प्रश्न तिला शहरातल्या मुलांकडूनही मिळाला नसता. लॅबमधल्या कपाटात नायट्रेट तपासायचा संच होता, न उघडलेला. पाण्यात दोन औषधं टाकायची, थांबायचं, गुलाबी रंग किती गडद होतो ते तक्त्याशी ताडायचं. तिने फळ्यावर लिहिलं: तान्ह्या बाळांसाठी मर्यादा लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम, मोठ्यांसाठी शंभर. जमिनीतल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहू देत नाही, बाळ निळं पडतं, हे समजावलं. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

रोशेलने तेव्हा वर पाहिलं. "वाढतं?" ती म्हणाली.

"हो."

"तान्या दहा मिनिटं उकळते. काळजी घ्यायची म्हणून."

त्या दुपारी नीरजा स्वतः तान्याकडे गेली आणि तिला सगळं सांगितलं. तान्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, मग काय देऊ? ट्रक गुरुवारी येतो.

दोन आठवडे मुलं गावभर बाटल्या घेऊन हिंडली. शाळेचा नळ, क्लिनिकचा, दुकानामागचा, मैदानाजवळचा, चार घरांचे. प्रत्येक नळ तीन वेगळ्या दिवशी. रोशेलने सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कुणी घाई केली तर ती बाटली पुन्हा भरायला लावली. आकडे आले पंचाहत्तर ते ऐंशीच्या मधे, सगळीकडे सारखेच. बोअर एकच, तेव्हा सारखेच यायचे.

शेवटच्या दिवशी रोशेल म्हणाली, शिक्षकांच्या घराचा नळ राहिला. नीरजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहाही मुलं तिच्या स्वयंपाकघरात आली, कधी नव्हे ती. एकाने फ्रिजवरचा रुचाचा फोटो पाहिला. रोशेलने नळ सोडला, बाटली भरली, तिथेच ओट्यावर औषधं टाकली. सगळे वाट पाहत उभे राहिले. पाण्याला रंग आलाच नाही. नीरजाला वाटलं, औषध टाकायचं राहिलं. रोशेलने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मिस, तुमची बोअर वेगळी आहे?"

"नाही गं. एकच आहे."

मग एक मुलगा घराला वळसा घालून आला आणि म्हणाला, मागे मशीन आहे. भिंतीला लावलेली एक पांढरी पेटी नीरजा पावणेदोन वर्षं बघत होती. ती घरघरायची. एसीचा भाग असेल असं तिने धरलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर नळाचा पाइप त्यात शिरत होता आणि बाहेर पडत होता. पाणी गाळायची यंत्रणा, वरच्या तारखेप्रमाणे बसवल्याला नऊ वर्षं झालेली. तशीच पेटी शेजारच्या घरामागे, त्याच्या शेजारच्याही. शिक्षकांची पाच घरं, नर्सचं एक, पोलिसाचं एक.

  रोशेलने वहीत आकडा लिहिला, दोन, आणि पुढे जागेच्या रकान्यात लिहिलं, मिसचं घर.

दुसऱ्या दिवसापासून नीरजा सकाळी दोन कॅन भरून तान्याकडे पोचवू लागली. तेवढं तिच्या हातात होतं. तान्या थँक्स म्हणायची, आणि नीरजाला तो शब्द ऐकवत नसे.

ग्रॅहमला तिने सगळं दाखवलं. त्याने चष्मा लावून पानं वाचली, मुलांनी सुंदर काम केलंय म्हणाला, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला की त्याला माहीत होतं. तो आला तेव्हाच त्याला सांगितलं होतं. यंत्रं बसवली नसती तर शिक्षक आले नसते, नर्सही नाही. सगळ्या गावासाठी मोठी यंत्रणा मंजूर व्हायची आहे, यादीत आहे, पण पाण्याचं खातं वेगळं, शिक्षणाचं वेगळं, घरांचं आणखी वेगळं. तो वरती कळवेल.

तीन आठवड्यांनी वरून, शिक्षण खात्याच्या ऑफिसातून, फोन आला. नीरजा ग्रॅहमच्या खोलीत बसली होती, फोन स्पीकरवर. पलीकडची बाई अतिशय नम्रपणे बोलत होती. मुलांच्या मेहनतीचं तिने कौतुक केलं. मग म्हणाली, शाळेचा संच म्हणजे मान्यताप्राप्त लॅब नव्हे. मोठ्यांच्या मर्यादेच्या आत आकडे आहेत, म्हणजे नियम मोडलेला नाही. अशा वेळी राज्याच्या मेळाव्यात, पत्रकारांसमोर, मुलांना हा विषय मांडायला लावणं हे मुलांवरच अन्यायाचं होईल. त्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या संस्कृतीतलं काही घ्या. पारंपरिक वनस्पती, त्यांचे औषधी उपयोग. लोकांना फार आवडतं.

फोन ग्रॅहमने बंद केला. त्याच्या टेबलावर नीरजाच्या नॉमिनेशनचे कागद होते; पुढच्या महिन्यात त्याने सही करून ते वरती, त्याच ऑफिसात पाठवायचे होते. त्याने त्या कागदांकडे बोट दाखवलं नाही, धमकी वगैरे तर दूरच. तो फक्त म्हणाला, "आत्ता आपण दोघांनीही त्यांना नाराज करू नये, असं मला वाटतं. निर्णय तुझा."

तिने यतिनला फोन केला. तो ऐकत होता तेव्हा मागे रुचाचा आवाज येत होता, "मम्मा, व्हेन आर यू कमिंग?" यतिन म्हणाला, माझं कॉन्ट्रॅक्ट या वेळी वाढवणार नाहीयेत, कालच कळलं. मग म्हणाला, "हे बघ, पीआर हातात येऊ दे. मग तू पेपरात लिही, कोर्टात जा, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण आत्ता नको. फक्त चार महिने थांब ना."

चार महिने. नीरजाने स्वतःला तेच सांगितलं. नऊ वर्षं झाली तिथे आणखी चार महिने.

पण मुलांना हे सांगता येत नव्हतं. सोमवारी अकरावीच्या वर्गात ती उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे दोन रस्ते होते. वरून परवानगी नाही, मला माझ्या व्हिसाची भीती वाटते, असं खरं सांगायचं. किंवा दुसरं काही. रविवारभर तिने खऱ्या वाक्याची तयारी केली होती. डोरीन मागच्या बाकावर बसली होती. नीरजा म्हणाली की आपला संच जुना आहे, औषधांची मुदत संपत आलेली असावी, त्यामुळे आकडे बरोबर असतीलच असं म्हणता येत नाही. विज्ञानात शंका आली तर थांबावं लागतं. म्हणून आपण दुसरा विषय घेऊ.

रोशेलने वही उघडली. "आपण प्रत्येक नळ तीनदा तपासला."

"हो, पण औषधंच बिघडलेली असतील तर तीनदा काय आणि दहादा काय."

"मग तुमच्या घरी दोन कसे आले?"

नीरजा फळा पुसायला वळली.

"चुकलं कुठे ते सांगा, मिस. मी परत करते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. चूक दाखवली असती तर तिने पुन्हा सगळ्या बाटल्या भरल्या असत्या. नीरजा म्हणाली, ते मेळाव्यानंतर बघू. रोशेलने वही मिटली. डोरीन उठून खिडकीपाशी गेली आणि तास संपेपर्यंत तिथेच पाठ करून उभी राहिली.

वनस्पतींचा तक्ता करायला डोरीनने मदत केली नाही. नावं आणि उपयोग विचारल्यावर ती म्हणाली, काही नावं भिंतीला टांगायची नसतात, आणि बाकीची तुम्हाला कशाला हवीत हे मला कळत नाही. शेवटी ग्रॅहमने इंटरनेटवरून माहिती काढली. त्यातली निम्मी झाडं त्या भागात उगवतही नव्हती. मुलांनी ती कातरून चिकटवली. कडेने ठिपक्यांची नक्षी काढा, असं ग्रॅहमने सुचवलं. रोशेलने काढली नाही; दुसऱ्या एका मुलाने काढली.

मेळाव्यात त्यांचा स्टॉल दाराजवळ होता. लोक थांबत होते, फोटो काढत होते. दुपारी परीक्षक आले, दोन बायका आणि एक पुरुष. एका बाईने खाली वाकून, लहान मुलांशी बोलतात तशा स्वरात रोशेलला विचारलं की यातलं तिचं सगळ्यात आवडतं झाड कुठलं.

रोशेल म्हणाली, "हा माझा विषय नाही."

बाईला वाटलं, मुलगी लाजली. ती हसली. "मग तुझा विषय कुठला?"

रोशेलने नीरजाकडे पाहिलं. रागाने नव्हे. परवानगी मागावी तसं. नीरजाला आजही तो क्षण मोजता येतो: बाई उत्तरासाठी थांबली होती, शेजारी कुणी वरिष्ठ उभं नव्हतं, ग्रॅहम कॉफी आणायला गेला होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. नीरजा म्हणाली, "शी इज अ बिट शाय," आणि तक्त्यावरच्या एका झाडाविषयी स्वतःच बोलायला लागली.

त्यांना उत्तेजनार्थ खास पारितोषिक मिळालं. व्यासपीठावर फोटो काढला, त्यात सहा मुलं, ग्रॅहम, नीरजा आणि खात्याचा एक मोठा माणूस. तो म्हणाला की दोन प्राचीन संस्कृतींचा हा संगम बघून त्याला भरून आलं. दोन म्हणजे रोशेलची आणि नीरजाची. टाळ्या वाजल्या.

मेळाव्याला लागूनच दोन आठवड्यांची सुट्टी होती. नीरजा तिथूनच मॉसन लेक्सला घरी गेली, मुलं ग्रॅहमबरोबर परत गेली. मेळाव्यासाठी निघायच्या दिवशी, हॅलरन्स बोअरमधल्या घराला कुलूप लावताना, तिच्या मनात आलं होतं की किल्ली तान्याकडे द्यावी, म्हणजे बाळासाठी पाणी भरता येईल. पण घर खात्याचं. किल्ली दुसऱ्या कुणाला देऊ नये, असं करारात स्पष्ट होतं. तिने दोन कॅन भरून देताना तान्याला सांगितलं, जपून वापर. दोन कॅन म्हणजे अगदी जपलं तरी चार दिवसांचं पाणी. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

ती परत आली तेव्हा तान्याच्या घराला कुलूप होतं. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक आला नव्हता, रस्ता पावसाने बंद होता. बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले म्हणून विमानाने पोर्ट ऑगस्टाच्या हॉस्पिटलात नेलं. बाळ बरं झालं. पण तिथल्या डॉक्टरने सांगितलं की वर्षाचं होईपर्यंत परत नेऊ नका, तेव्हा तान्या तिथेच एका नातेवाइकाकडे, आधीच आठ माणसं असलेल्या घरात राहिली. रोशेल डोरीनकडे राहायला आली होती.

ती शाळेत आली नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. नीरजा डोरीनच्या घरी गेली. रोशेल बाहेर खुर्ची टाकून बसली होती. नीरजाने खूप काही बोलायचं ठरवलं होतं. बोलली ती एवढंच की बारावी जवळ आलीय, तू सोडू नकोस, तू हुशार आहेस.

रोशेल म्हणाली, "येस, मिस."

तिने वाद घातला नाही, दोष दिला नाही. नीरजा गेल्यावर लगेच आत निघून जाणंही तिला असभ्य वाटलं असावं; ती गाडी वळेपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्यानंतरही कधी नाही.

डोरीन शाळेत येत राहिली, पण नीरजाच्या वर्गात बसायची बंद झाली. एकदा लॅबमध्ये दोघीच होत्या तेव्हा नीरजाने तिला खरं ते सांगितलं. व्हिसा, यतिनची नोकरी, रुचा, सगळं. तिला वाटलं, ही बाई नात्यांची माणूस आहे, हिला कळेल. डोरीनने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर त्यांना कळलं असतं," ती म्हणाली. "भीती त्यांना कळते. ती मुलं लहानपणापासून भ्यालेली माणसंच बघतात. पण तू त्यांना सांगितलंस की त्यांना मोजता येत नाही."

पीआर आला तो नोव्हेंबरात, एका मंगळवारी, ईमेलने. यतिन फोनवर रडला. मॉसन लेक्समधल्या मराठी मंडळींनी केक कापला आणि व्हिडिओ कॉलवर तिला दाखवला. नीरजाने त्या दिवशी दुपारी बसून पत्र लिहिलं. पाण्याच्या खात्याला, आरोग्याच्या, शिक्षणाच्या आणि एका वर्तमानपत्राला. रोशेलचे सगळे आकडे त्यात घातले. वर्तमानपत्राने उत्तर दिलं नाही. एका खात्याने अकरा आठवड्यांनी दिलं: आपली चिंता आम्ही नोंदवून घेतली आहे, हॅलरन्स बोअरची यंत्रणा नियोजनाच्या यादीत आहे. ग्रॅहमला तिने पत्राची प्रत दिली होती. तो म्हणाला, बरं केलंस. तो ज्या दिवशी हे म्हणाला त्याच दिवशी त्याने तिच्या बदलीच्या शिफारशीवरही सही केली. दोन्ही गोष्टी तो मनापासून करत होता.

आता ती ॲडलेडच्या उत्तरेकडच्या एका मोठ्या शाळेत शिकवते. कायमची नोकरी आहे, घर घेतलंय. महाराष्ट्र मंडळाने एकदा तिला बोलावलं होतं, आदिवासी मुलांमध्ये केलेल्या कामाबद्दल चार शब्द सांगायला. तिने नकार द्यायचं ठरवलं होतं. मग गेली. तिने तांबड्या मातीबद्दल सांगितलं, आकाशाबद्दल, डोरीनला मावशी हा शब्द आवडला त्याबद्दल. लोकांना फार आवडलं. कुणीतरी विचारलं की तिथल्या मुलांना शिक्षणाचं महत्त्व पटवणं अवघड गेलं असेल, नाही? ती म्हणाली, हो, थोडं.

गेल्या मार्चमध्ये तिच्या सासूबाई, शोभाताई, पुण्याहून आल्या होत्या. त्यांच्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी नीरजा त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेली. लिफ्टजवळच्या बाकावर डोरीन बसली होती. आधी ओळखूच आली नाही, इतकी वाळली होती. हातावर डायलिसिसची पट्टी. सासूबाईंना आत पाठवून नीरजा तिच्या शेजारी जाऊन बसली.

डोरीनने तिला ओळखलं, नावाने हाक मारली. आठवड्यातून तीन दिवस इथे यावं लागतं, म्हणाली. गावात मशीन नाही, त्यामुळे शहरातच राहायचं, एका होस्टेलमध्ये. परत जाता येईल असं वाटत नाही. किडन्या कशाने गेल्या हे नीरजाने विचारलं नाही, आणि डोरीनने सांगितलं नाही.

शाळेचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, वरचे वर्ग बंद केले. अकरावी-बारावीला सात मुलं उरली होती, आता त्यांना इथे शहरात बोर्डिंगला पाठवतात. पहिली टर्म संपेपर्यंत पाच परत गेली. ग्रॅहम रिटायर झाला. पाण्याचं काही झालं नाही. दोनदा मोजायला माणसं आली होती.

"आणि रोशेल?"

डोरीनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. रोशेल दुकानात कामाला आहे. ट्रक आला की पाण्याची खोकी ती उतरवून घेते, आणि तान्ही बाळं असलेल्या घरांची खोकी आधी बाजूला काढून ठेवते, मगच बाकीची फळीवर लावते. मॅनेजरने दोनदा ताकीद दिली, असं करता येत नाही, आधी येईल त्याला आधी. ती ऐकून घेते आणि तसंच करते. कुणाच्या घरात बाळ कितव्या महिन्यात आहे हे तिला नर्सपेक्षा जास्त माहीत असतं. गेल्या वर्षी एकही बाळ विमानाने न्यावं लागलं नाही.

नीरजा म्हणाली की तिला रोशेलला भेटायचंय. तिला अजूनही बारावी करता येईल, इथे राहून, माझ्याकडे राहून. खोली आहे. मी सगळं बघेन. ती भराभर बोलत होती आणि डोरीन लिफ्टच्या दाराकडे बघत होती.

"ती कधी माझं नाव काढते?" नीरजाने शेवटी विचारलं.

"नाही," डोरीन म्हणाली.

नर्सने डोरीनचं नाव पुकारलं. ती काठी टेकत उठली. नीरजाने हात पुढे केला, तो तिने धरला नाही, झटकलाही नाही. तिला बहुधा दिसलाच नाही. दार बंद झालं. थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या आणि कोण होती गं ती म्हातारी, असं विचारू लागल्या. नीरजा म्हणाली, मी होते ना तिथल्या शाळेत, तिथली एक बाई. मग तिने गाडीची किल्ली काढली, कारण तिला साडेतीनपर्यंत शाळेत परतायचं होतं. त्या दिवशी पालकसभा होती.